पंचप्रमुखाची शिट्टी खिशातच बरी

बरीच वर्षं मॅटवर शिट्टी वाजवल्यावर मुलांच्या कुस्ती स्पर्धेचं पंचप्रमुखपद पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, काम तेच, फक्त खुर्ची मोठी. तीन मॅट, दीडशेच्या वर मुलं, अकरा पंच. सकाळचे अकरा वाजायच्या आत माझा भ्रम उतरला.

दोन नंबरच्या मॅटवर एक नवी रेफरी होती. कुस्ती कडेला आलेली. निळ्या पोशाखातल्या मुलाने पट काढून ताबा घेतला, पण त्याआधी लालचा पाय बाहेर पडला होता का? पडला असेल तर एक गुण, नसेल तर दोन. तिने एक दाखवला, कडेला बसलेल्या जजने दोन, त्या मॅटचा प्रमुख असलेल्या चेअरमनने तिच्या बाजूने एक मान्य केला. तिघांपैकी दोघांचं जुळलं, विषय तिथेच संपला होता. पण मला लांबून दोन दिसले होते ना! उठलो, मॅटच्या कडेला गेलो आणि दोन बोटं वर केली. गुण बदलला.

मी बरोबर होतो की चूक, देव जाणे. पण त्यानंतर त्या मॅटवरचा एकही कोच तिच्याकडे बघेना. प्रत्येक गुणाला सगळे माझ्याकडे वळून हातवारे करायचे. गुण पटला नाही तर व्हिडिओ बघायला लावायची, म्हणजे चॅलेंजची सोय होती, तीही कोणी वापरेना. कशाला वापरतील? चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण जातो, माझ्या नावाने ओरडणं फुकटात होतं. दुपारपर्यंत ती शिट्टीसुद्धा दबकत वाजवायला लागली. तिचा दिवस मी घालवला.

तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. डोळ्यांनी काय दिसलं यावर पंचप्रमुखाने तोंड उघडायचं नाही, नियम चुकीचा लागला तर मात्र गप्प बसायचं नाही. १७ वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. टेबलावरच्याने सवयीने मोठ्यांची तीन मिनिटं लावली, तर घड्याळ थांबवायला लावा. फ्रीस्टाइलची कुस्ती एकतर्फी ठरवून आठ गुणांच्या फरकावर थांबवली, तरी जा. आठचा फरक कमरेखाली पकड चालत नाही त्या ग्रीको-रोमनला, फ्रीस्टाइलला दहा लागतात. दिवसभर दोन्ही प्रकार आलटून पालटून चालू असले की चांगले मुरलेले पंचही इथे घसरतात.

खरं काम पहिल्या शिट्टीच्या आधीच होतं. पंचांची वाटणी मी आदल्या रात्री करतो, आणि पेन्सिलीने, कारण सकाळी एकजण तरी येत नाहीच. नव्या रेफरीमागे जुना चेअरमन. आपल्या क्लबच्या मुलाच्या कुस्तीला कोणी बसायचं नाही, पंच कितीही सरळ माणूस असला तरी. आणि सगळ्यांत तरबेज रेफरी अंतिम लढतींसाठी राखून ठेवायचा मोह टाळा. तो सकाळी सगळ्यांत लहान मुलांना द्या. मोठ्या मल्लाला पडायचं कसं ते ठाऊक असतं, बारा वर्षांचं पोर मानेवर येतं. १५ आणि १७ वर्षांखालच्या गटांत मानेवर दोन्ही हातांनी दाब देणाऱ्या डबल नेल्सन पकडीला बंदी आहे. सकाळच्या बैठकीत हे नुसतं सांगत नाही, दोन पंचांना मॅटवर घेऊन पकड करून दाखवायला लावतो. शिट्टी कुठल्या क्षणी वाजली पाहिजे, हे बघितल्याशिवाय हाताला कळत नाही. चितपटचंही तसंच. दोन्ही खांदे टेकलेले दिसले की नवा रेफरी उत्साहाने मॅटवर हात आपटतो. आधी जजकडे किंवा चेअरमनकडे बघून होकार घ्यायचा, मगच हात.

वजनाच्या वेळी मी काट्याशेजारीच उभा असतो. नखं, त्वचेवरचे डाग हे डॉक्टर बघतात. मी तोंडं बघतो. एका वर्षी एक मुलगा काट्यावर चढला, ओठ फाटलेले, हातात अर्धी भरलेली बाटली. मला वाटलं पाणी असेल. ती वजन उतरवायला थुंकलेली थुंकी होती. दोनशे ग्रॅम जास्तच भरला. ‘‘एवढंसं तर आहे, सर,’’ वडील म्हणाले. आंतरराष्ट्रीय नियमांत अंगावरच्या सिंगलेटची, म्हणजे कुस्तीच्या तंग पोशाखाचीसुद्धा सूट नसते, आणि त्या स्पर्धेच्या पत्रकातही सूट लिहिलेली नव्हती. मी नाही म्हटलं आणि पोराला आधी डॉक्टरांकडे धाडलं. वडील दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पत्रकात सूट असेल तर ती सगळ्यांना, नसेल तर कोणालाच नाही. जागच्या जागी दया दाखवलीत की पुढचे दहा पालक रांगेत उभेच आहेत.

नाश्ता, पाणी, पंचांना आलटून पालटून विश्रांती, याबद्दल फार सांगत नाही. उपाशी पंच चुका करतो एवढं पुरे.

कागदाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. रेफरीच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी, उजव्यावर निळी. त्याचा हात चुकत नाही. चुकतो तो टेबलावरचा पेन. एकाच आडनावाचे दोघे एकमेकांसमोर आले होते. जिंकला निळा, निकालाच्या चिठ्ठीवर विजेता लिहिला गेला लाल, आणि कोण कोणाशी लढणार त्या भाग्यपत्रिकेत लाल पुढच्या फेरीत सरकला. रेफरीने हात बरोबर मुलाचा उंचावला होता, सगळ्या हॉलने ते पाहिलं होतं, पण चिठ्ठी कोणी वाचली नाही. मीही नाही. आता प्रत्येक फेरी संपली की चिठ्ठ्या भाग्यपत्रिकेशी स्वतः ताडून सही करतो. सही झाल्याशिवाय पुढचा पुकारा नाही. त्या दिवशी हे लक्षात आणून दिलं ते कोचने नाही, पालकांनीही नाही. लाल सिंगलेटमधला तेरा वर्षांचा मुलगा टेबलापाशी येऊन घुटमळत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, मी तर हरलो होतो.’’ तेव्हा त्याच्या नावाचा दुसरा पुकारा होऊन गेला होता.