जीमॅटची तयारी करताय? या चुका टाळा

जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. भरपूर कष्ट करूनही तिच्या सराव परीक्षेतला स्कोअर महिनोन्‌महिने एकाच जागी अडकून राहतो, तेव्हा बहुतेक जण आणखी प्रश्न सोडवायला घेतात. माझ्या मते तयारीतली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. आधी चुकलेल्या प्रश्नांकडे नीट पाहा.

स्पष्टीकरण वाचलं, ‘हां, कळलं’ म्हटलं आणि पुढे गेलं, तर हाती काहीच लागत नाही. कारण उत्तर समोर असताना सगळंच सोपं वाटतं. तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा आणि नेमकं कुठे घसरलात ते वहीत लिहा. ‘सिली मिस्टेक’ एवढी नोंद पुरत नाही. ‘संख्या पूर्णांक आहे असं गृहीत धरलं, अपूर्णांक तपासलाच नाही’ अशी नोंद हवी. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही याच वहीत घ्या, तीही तुमची कच्ची जागाच आहे. पंधराएक दिवसांनी ते प्रश्न परत सोडवा. वही भरत गेली की त्याच दोन-चार सवयी पुन्हापुन्हा दिसू लागतील, आणि मग कशावर मेहनत घ्यायची हे कोणाला विचारावं लागणार नाही.

डेटा सफिशियन्सीत, म्हणजे एक प्रश्न आणि दोन विधानं दिलेल्या प्रकारात, अनेक जण शेवटचं उत्तर काढत बसतात. दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही, एवढंच तिथे विचारलेलं असतं. दुसरं विधान तपासताना पहिल्यातली माहिती डोक्यात रेंगाळते, तीही बाजूला ठेवायला शिका.

जुनी पुस्तकं जपून वापरा. 2023 च्या शेवटी आलेल्या नव्या स्वरूपात सेन्टेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं), निबंध आणि क्वांटमधली (गणिताच्या विभागातली) भूमिती नाही. स्कोअरही आता 205 ते 805 असा असतो. जुन्या 700 च्या तोडीचा स्कोअर आता साधारण 645 आहे, त्यामुळे आकडा पाहून उगीच खचू नका.

वेळेचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रत्येक विभागाला 45 मिनिटं, आणि प्रश्न क्वांटमध्ये 21, व्हर्बलमध्ये (भाषेच्या विभागात) 23, डेटा इनसाइट्समध्ये (माहितीच्या विश्लेषणाच्या विभागात) 20. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. तीन मिनिटं होऊनही वाट दिसत नसेल, तर अंदाजाने पर्याय निवडा, बुकमार्क करा आणि पुढे चला. विभागाच्या शेवटी तीन उत्तरं बदलता येतात. मात्र प्रश्न सोडून देऊ नका, विभाग अपुरा राहिला की गुण कापले जातात. आणि सरावात क्वांटला कॅल्क्युलेटर घेऊ नका. परीक्षेत तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो.

अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच आहेत, त्या सुरुवातीलाच संपवू नका. एक आधी पातळी कळण्यासाठी द्या, बाकीच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखा. परीक्षा पुन्हा द्यायची झाली तर मध्ये किमान 16 दिवसांचं अंतर लागतं, तेव्हा प्रवेश अर्जाच्या मुदतीआधी तेवढी जागा ठेवूनच पहिली तारीख घ्या.