बोटीत बसायला गेले आणि हातात वही आली

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी 43 फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता आणि मी पुण्यात टीव्हीसमोर. सीएच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटले होते. घरी कुणी काही बोलत नव्हतं, तेच जास्त टोचत होतं. रस्ता सुरू झाल्याबरोबर मदतीच्या ट्रकमधून निघाले. खरं सांगते, परोपकार नंतर. आधी घराबाहेर पडायचं होतं. डोक्यात मात्र चित्र होतं बोटीचं, लाइफ जॅकेटचं.

शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात पोहोचले तेव्हा पाणी उतरलं होतं. बोटीचं काम एनडीआरएफ, लष्कर आणि गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी उरकलं होतं. नवख्यांनी एवढं डोक्यात पक्कं ठेवावं, की बोट आपल्यासाठी नाही. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसं गेली. प्रशिक्षण नसताना पाण्यात उतरलात तर वाचवायच्या माणसांत एकाची भर पडते.

शाळेत मदतीचं सामान उतरत होतं. तिथल्या गुरुजींनी विचारलं, "तुम्हाला येतं काय?" मी म्हटलं, "हिशोब." त्यांनी शंभर पानी वही हातात दिली आणि वर्गखोलीकडे बोट दाखवलं. आत जुन्या कपड्यांचा डोंगर. फाटके शर्ट, उसवलेल्या साड्या, एक लग्नातला कोटसुद्धा. बिस्किटं ढिगाने, आणि खराटे, फावडी, सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या यांचा पत्ता नाही. मी आवक-जावक लिहायला लागले. तिसऱ्या दिवशी कुठल्या गल्लीला काय गेलं आणि कुठल्या गल्लीला काहीच गेलं नाही, हे वहीतून दिसायला लागलं. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीनदा किट, आतल्या वस्तीला एकदाही नाही. पुढचा ट्रक मग थेट आत गेला. परीक्षेत ज्या विषयाने रडवलं, त्याच्यामुळे कुणाच्या तरी घरी खराटा पोहोचला, याची मला गंमत वाटली.

पण माझं खरं काम सापडलं ते एका आजींमुळे. त्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आजी भिजलेलं गाठोडं घेऊन आल्या. "पोरी, मी काय वाचतो व्हय? ह्यातलं कामाचं कंचं ते बघ की." आत रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, सगळ्याचा एकच लगदा. तो दिवस मी कागद वाळवण्यात घालवला, आणि आधी दोन चुका केल्या. उन्हात ठेवल्यावर कागद आखडले, चिकटलेली पानं ओढली तर फाटली. कागद सावलीत, वर्तमानपत्राच्या थरांत ठेवायचे, थर बदलत राहायचे. सुटत नसतील ते ओढायचे नाहीत. सातबारा गेला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो ऑनलाइन निघतो. घराचा उतारा ग्रामपंचायतीत आणि रेशनकार्डाची दुय्यम प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळते. हे गावात अनेकांना ठाऊक असतं, पण ज्याचं घर नुकतंच चिखलातून वर आलंय त्याला त्या आठवड्यात काहीच सुचत नाही.

पुढे पंचनामे झाले आणि सरकारी मदत मिळणाऱ्यांची यादी लागली. यादीत आजींचं नाव नव्हतं. घर मयत सासऱ्यांच्या नावावर, चूल वेगळी, रेशनकार्ड मात्र दिराबरोबर एकत्र. कागदावर त्या घरात राहतच नव्हत्या. यात लबाडी कुणाची नव्हती. तपासणाऱ्याने समोरचा कागद पाहिला, एवढंच. मग मी वहीतल्या घरांची नावं यादीशी ताडून पाहिली. गळलेल्यांत बहुतेक भाडेकरू, विधवा आणि वेगळ्या चुलीची कुटुंबं निघाली. गुरुजी आणि मी प्रत्येकाचा अर्ज लिहिला, शेजाऱ्यांचे जबाब जोडले आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हे मी आजही प्रत्येक नव्या पोराला बजावते. काही अर्ज मंजूर झाले, काही नाही.

चार दिवसांसाठी गेलेली मी दीड महिना राहिले. तिसऱ्या आठवड्यानंतर गर्दी ओसरते, ट्रक थांबतात, आणि यादीचं काम तेव्हाच सुरू होतं. तुम्हाला जायचं असेल तर तेव्हा जा. आधी गावात फोन करून काय हवंय ते विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन निघा, गमबूट न्या. लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण गाळात उघड्या पायाने काम करणं अंगाशी येतं. राहण्या-खाण्याचा भार गावावर टाकू नका. आणि हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढू नका.

यातच पुढे काम करायचं असेल तर वाटा आहेत. शासनाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना शोध-बचाव, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करूनही अनेक जण इथे येतात. मी यातलं काहीच केलं नाही. सीए सोडलं (घरी त्यावर महाभारत झालं) आणि एका छोट्या संस्थेत हिशोब आणि मदतवाटपाचं नियोजन बघायला लागले. पगार बेताचा आहे. पावसाळ्यात सुट्टी मिळत नाही. नातेवाईक अजून "मग नोकरी कधी?" असं विचारतात.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा गावात शिरलं. मी गेले तेव्हा आजी नातेवाइकांच्या माडीवर होत्या. मला बघताच त्यांनी उशाखालून झाकणाचा डबा काढला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले सगळे कागद, अगदी दोन वर्षांपूर्वीची पोचसुद्धा. "समदं घेतलं बघ," त्या म्हणाल्या, "चष्मा तेवढा ऱ्हायला."