लहान बेडरूममध्ये लॉफ्ट बेड: आधी उंची मोजा, मग पाइप कापा

नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको किंवा पंचवटीतल्या टू बीएचके फ्लॅटमध्ये दुसरी बेडरूम बऱ्याचदा 8 बाय 10 फुटांची असते. सिंगल पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल मांडलं की दारापासून खिडकीपर्यंत जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढीच जागा राहते. पलंग साडेपाच फूट वर नेला, म्हणजेच लॉफ्ट बेड केला, तर त्याच्याखालची वीसेक चौरस फूट जमीन मोकळी होते. टेबल, पुस्तकांचं रॅक, खुर्ची सगळं तिथे मावतं. मात्र हे काम बिघडतं ते दोन ठिकाणी: उंचीच्या हिशोबात आणि हलण्यात. वजन पेलण्याची काळजी सगळे करतात, पण ती सर्वांत सोपी बाजू आहे.

उंचीचा हिशोब

बिल्डरच्या कागदावरची उंची धरू नका. फरशीपासून स्लॅबच्या गिलाव्यापर्यंत टेप लावून चारही कोपऱ्यांत मोजा. साधारण 9 ते साडेनऊ फूट भरते. साडेनऊ फूट म्हणजे 114 इंच. गादीवर मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाला डोक्यापर्यंत 35 इंच लागतात, म्हणून गादी ते स्लॅब 36 इंचांच्या खाली जाऊ देऊ नका. गादी 4 इंच, तिच्याखालचा प्लाय पाऊण इंच, चौकटीचा लोखंडी पाइप 2 इंच. हे सगळं 114 मधून वजा केलं की पलंगाखाली 71 इंच उरतात. छत 9 फुटांचं असेल तर 65.

म्हणजे आपल्या फ्लॅटमध्ये वर आरामात बसणं आणि खाली ताठ उभं राहणं या दोन्ही गोष्टी एकदम जुळणं कठीण. त्यातलं एक ठरवून निवडावं लागतं. खाली टेबल-खुर्ची असेल तर उभं राहायची गरज फारशी नसते, तेव्हा वरच्याला जागा द्या. खाली कपड्यांचं कपाट असेल आणि समोर उभं राहून कपडे काढायचे असतील तर कपाटाचं तोंड पलंगाच्या बाहेरच्या बाजूला करा, म्हणजे प्रश्नच येत नाही. पुढची सगळी मापं 114 इंची छतासाठी आहेत: पलंगाच्या पाइपची खालची कड 66 इंचांवर, वरची 68 वर, गादीचा माथा पावणेत्र्याहत्तर इंचांवर. वर 41 इंच मोकळे राहतात.

बीम विसरू नका. स्लॅबखाली तो 10 ते 12 इंच लोंबतो आणि त्याच्याखाली गादीपासून 29 ते 31 इंचच राहतात. त्या बाजूला पाय करा, उशी नको. झोपेतून उठताना कपाळ आपटतं ते इथेच.

पंखा

8 बाय 10 च्या खोलीत मधोमध 48 इंची पंखा असेल तर पात्याचं टोक लांब भिंतीपासून 24 इंचांवर आणि आखूड भिंतीपासून 36 इंचांवर फिरतं. पलंगाची बाहेरून रुंदी 42 इंच. म्हणजे कोणत्याही भिंतीला लावला तरी पंख्याचं पातं पलंगावर येतं. पाती स्लॅबखाली साधारण फूटभर, म्हणजे जमिनीपासून 102 इंचांवर असतात आणि वर बसलेल्या माणसाचं डोकं 108 पर्यंत जातं. त्यामुळे छताचा पंखा काढायचाच, यात तडजोड नाही. रेग्युलेटर कमी ठेवू, लक्ष ठेवू, असं म्हणून चालत नाही. झोपेत हात वर जातो.

त्याऐवजी 16 इंची भिंतीचा पंखा पायाकडच्या भिंतीवर लावा, झोपलेल्याचा हात पोचणार नाही अशा बेताने. दोरीने चालू-बंद होणारा असला तर वरूनच बंद करता येतो. एसी असेल तर त्याचा झोत थेट उशीवर येत नाही ना, ते पाहा.

उन्हाचंही बघावं लागेल. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. शेवटच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि वर झोपणारा त्याच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर असतो. अशा फ्लॅटमध्ये आधी गच्चीवर पांढरं उष्णतारोधक कोटिंग करून घ्या, मग पलंगाचा विचार करा. मधल्या मजल्यांवर हा त्रास नसतो.

सामान

गादी 72 बाय 36 ची धरली आहे. चादर खोचायला सगळीकडून एकेक इंच सोडून आतलं माप 74 बाय 38 येतं, बाहेरचं 78 बाय 42.

पाय आणि मुख्य चौकट दोन बाय दोन इंच, 14 गेज चौकोनी पाइपची (गेज म्हणजे पत्र्याची जाडी; आकडा मोठा तितका पत्रा पातळ). 84 इंचाचे चार पाय (वर कठड्यापर्यंत जाणारे), 74 चे दोन लांब आडवे, 38 चे दोन आखूड आडवे. 20 फुटी तीन पाइप लागतात. पहिल्यातून एक पाय आणि दोन्ही लांब आडवे, दुसऱ्यातून दोन पाय आणि एक आखूड, तिसऱ्यातून उरलेला पाय आणि दुसरा आखूड आडवा. तिसऱ्यात जवळपास दहा फूट शिल्लक राहतात, ते खालच्या ताणांना, म्हणजे पाय हलू न देणाऱ्या जोडपाइपांना, वापरा. कठडा आणि बाकीचे ताण दीड बाय दीड, 16 गेजचे: तीन पाइप. गादीखालच्या आडव्या पट्ट्या आणि शिडीसाठी दोन बाय एक, 16 गेजचे: तीन पाइप. तयार सांगाडा 100 किलोच्या आसपास जातो.

फॅब्रिकेशनवाले बहुधा किलोवर भाव सांगतात, पण गेजमध्ये फरक पडू शकतो. दुकानात एक पाइप काट्यावर ठेवा. दोन बाय दोनचा 14 गेजचा 20 फुटी पाइप 18 किलोच्या जवळ भरतो. 15 किलो भरला तर तो 16 गेजचा आहे. सातपूर-अंबडच्या आसपास वर्कशॉप भरपूर आहेत, तेव्हा तुमच्यासमोर वजन करून देणारा शोधा.

प्लाय 18 मिलिमीटर, बीडब्ल्यूआर (ओल सहन करणाऱ्या) ग्रेडचा. 8 बाय 4 च्या एका शीटमधून 78 बाय 42 चा तुकडा निघतो. पायांसाठी चारही कोपऱ्यांत 2 बाय 2 इंचाच्या खाचा काढा. पार्टिकल बोर्ड घेऊ नका. पावसाळ्यातल्या दमटपणात तो फुगतो आणि स्क्रूची भोकं सैल पडतात. प्लायला 8-8 इंचांवर 25 मिलिमीटरची भोकं पाडा, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते.

सांगाडा

पूर्ण सांगाडा वेल्डिंग करून आणला तर तो जिन्यातून वर जाणार नाही, आणि घर बदलताना बाहेरही निघणार नाही. म्हणून डोक्याकडची आणि पायाकडची अशा दोन चौकटी वर्कशॉपमध्ये वेल्ड करायच्या आणि लांब आडवे खोलीत बोल्टने जोडायचे. चौकट 84 इंच उंच, 42 इंच रुंद. दारातून आडवी आत जाते आणि उभी करताना तिचा कर्ण 94 इंच लागतो, म्हणजे स्लॅबला लागत नाही. पंखा मात्र आधी उतरवून ठेवा.

वेल्डरला एक गोष्ट आवर्जून सांगा: आधी चारही कोपरे नुसते टॅक करायचे (ठिपक्याएवढा तात्पुरता वेल्ड), दोन्ही कर्ण मोजायचे, फरक 3 मिलिमीटरच्या आत आला की मगच पूर्ण वेल्ड, तेही आळीपाळीने समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. एका कोपऱ्यावर सलग वेल्ड मारला की पाइप त्या बाजूला ओढला जातो, चौकट तिरकी होते आणि पुढे बोल्टची भोकं जुळत नाहीत.

लांब आडव्याच्या प्रत्येक टोकाला 5 मिलिमीटर जाड, 2 इंच रुंद, 6 इंच उंच पट्टी वेल्ड करून घ्या आणि तिच्यात 4 इंच अंतराने एकाखाली एक दोन भोकं पाडा. एका सांध्याला दोन एम 10 (10 मिलिमीटर जाडीचे) बोल्ट, स्प्रिंग वॉशर, नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट. इथे एक बोल्ट वाचवला तर सांधा बिजागरीसारखा फिरतो, मग पलंग कितीही जाड पाइपचा असो, हलणारच. पोकळ पाइपमधून आरपार बोल्ट आवळला की पाइपच्या भिंती आत चेपतात. त्यासाठी भोकाच्या जागी पाइपच्या आत बोल्ट जाईल अशी लहान नळी वेल्ड करून घ्यायची. वर्कशॉपमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे, नंतर करता येत नाही.

आता हलण्याबद्दल. दोन इंची पाइप दोन माणसांच्या वजनानेही डोळ्याला दिसेल इतका वाकत नाही. त्रास देतो तो आडवा धक्का: कूस बदलली, शिडी चढली की सगळा पलंग डुलतो. त्यावर तीन उपाय, आणि तिन्ही करायचे. पायांना जमिनीपासून फूटभर उंचीवर मागून आणि दोन्ही बाजूंनी आडवे ताण; समोरची बाजू खुर्चीसाठी मोकळी. चारही कोपऱ्यांत, आडव्याच्या खाली, फूटभर लांबीचे 45 अंशातले तिरके तुकडे. लांब बाजूचे तुकडे बोल्टने, आखूड बाजूचे वेल्डने. आणि भिंतीला पकड.

भिंतीला पकड

भिंत कशाची आहे हे ड्रिलच्या भुकटीवरून कळतं. पहिले 12-15 मिलिमीटर गिलाव्याची करडी भुकटी येईल, त्यापुढचं महत्त्वाचं. लाल आली तर वीट, पांढरी आणि मऊ आली तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक, करडीच राहिली आणि ड्रिल कष्टाने गेलं तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. पकड शक्यतो कॉलममध्येच घ्या, एम 10 च्या अँकर फास्टनरने (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट). विटेत लांब नायलॉन प्लग चालतो. हलक्या ब्लॉकमध्ये साधा अँकर फास्टनर फुगताना ब्लॉकच फोडतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडे मोठं वॉशर. 4 इंची पार्टिशनमध्ये पलीकडच्या खोलीचा गिलावा उडणार नाही एवढीच खोली ठेवा, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, तिथून वायर गेलेली असते.

स्कर्टिंग पलंगाला खाली अर्धा इंच पुढे ढकलतं आणि वर फट राहते. ती फट लाकडी पट्टीने भरून मग बोल्ट आवळा. फट तशीच ठेवून आवळलं तर सांगाडा मागे झुकतो.

पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये मातीच्या भिंती आणि कडीपाटाचं छत असेल तर भिंतीवर किंवा कड्यांवर काहीच टांगू नका. तिथे पलंग चार पायांवर स्वतंत्र उभा हवा, मागच्या बाजूला पूर्ण तिरके ताण घेऊन. भाड्याच्या घरातही हाच मार्ग. मालकाची परवानगी असेल तरच ड्रिल.

शिडी आणि कठडा

भिंतीसारखी उभी शिडी जागा वाचवते, पण रात्री उतरताना पाय सापडत नाही. 15 अंश कलती ठेवा, त्यासाठी जमिनीवर 18 इंच लागतात. पलंगाचा माथा पावणेएकोणसत्तर इंच, म्हणून साडेअकरा इंचांवर पाच पायऱ्या. गोल सळईच्या पायऱ्या तळपायाला रुततात. दोन बाय एकचे दोन पाइप शेजारी ठेवून वर प्लायची 4 इंची पट्टी आणि तिला खरखरीत टेप. शिडी वरून बोल्टने बांधलेली हवी, नुसती अडकवलेली नको.

कठडा गादीच्या वर निदान 10-11 इंच, चारही बाजूंना, भिंतीकडेही. गादी सरकून भिंत आणि पलंग यांच्या फटीत लहान मूल अडकू शकतं. शिडीपाशी 16 ते 18 इंचांची मोकळीक पुरे. मुलांसाठी असेल तर कठड्याच्या दोन आडव्यांमधली जागा 6 मिलिमीटर प्लायने बंद करा. साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट ठेवायची नाही. 4 इंची ऐवजी 8 इंची स्प्रिंगची गादी टाकली की कठड्याची उंची 6-7 इंचांवर येते, हे गादी बदलताना लक्षात ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागणाऱ्यांनीही खालीच झोपावं. खिडकीला लागून पलंग लावणार असाल तर ग्रिल पक्कं हवं.

रंग, आवाज, दिवे

तुकडे बोल्टने सुटे होत असतील तर पावडर कोटिंग करता येतं, ते सर्वांत टिकाऊ. नाहीतर वेल्डचा मळ ग्राइंडरने साफ करून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि ऑइल पेंट. रंगाचा वास जाईपर्यंत चार-पाच दिवस खिडकी उघडी ठेवून कोणी तिथे झोपू नये. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, आत पाणी आणि झुरळं दोन्ही जातात.

करकर येते ती प्लाय आणि लोखंड घासल्याने. पाइपवर फोमची चिकट पट्टी लावून मग प्लाय ठेवा आणि 32 मिलिमीटरच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने आवळा. पायाखाली 4 बाय 4 ची प्लेट आणि 6 मिलिमीटर रबर. टाइलला ओरखडा पडत नाही आणि धक्काही खालच्या मजल्यावर कमी जातो.

पलंगाखाली दिवसाही अंधार असतो, म्हणून टेबलाच्या वर एलईडी बॅटन हवीच. वर झोपणाऱ्यासाठी स्विच आणि चार्जिंगचा पॉइंट उशीजवळ काढून घ्या, वायर केसिंगमधून पायाला धरून खाली आणा. मच्छरदाणी बांधायला कठड्याच्या चार कोपऱ्यांवर कड्या वेल्ड करायला सांगा, वर्कशॉपमध्ये असतानाच.

जोडल्यावर पहिल्या महिन्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवा रंग दबून बसतो आणि सांधा थोडा सैल होतो. नंतर दर पावसाळ्याआधी एकदा पाना फिरवा, आणि पायाच्या तळाशी, फरशी पुसताना पाणी लागतं तिथे, गंज दिसला तर खरवडून प्राइमर लावा.