नाटकात कुत्र्याला एका विंगेतून दुसऱ्या विंगेत न्यायचं असेल तर

तालमीत शहाण्यासारखा चालणारा कुत्रा प्रयोगात मात्र रंगमंचाच्या मधोमध थबकतो आणि प्रेक्षकांकडे बघत बसतो. हाक मारावी तर आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. यावर उपाय म्हणजे पायपुसणं.

१. घरी एक ठरावीक पायपुसणं अंथरा. त्यावर चारही पाय आले की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. तुकडा पायपुसण्यावरच ठेवा, हातातून भरवू नका. नाहीतर तो तुमच्या हाताकडे बघत राहतो.

२. अंतर रोज थोडं वाढवा. शब्दाऐवजी हाताची खूण लावा.

३. तालमीत तेच पायपुसणं पलीकडच्या विंगेत, घरचं माणूस तिथे उभं करून. अलीकडून एकाने सोडायचं, पलीकडे दुसऱ्याने खाऊ द्यायचा. नटांनी वाटेत अजिबात लाड करायचे नाहीत, हे मी आग्रहाने सांगेन.

४. टाळ्यांची सवय वेगळी लावा: मोबाईलवर आधी अगदी हळू आवाजात, खाऊ देत देत, मग हळूहळू मोठ्याने. रंगीत तालमीला दिवे आणि पार्श्वसंगीत सगळं चालू हवं.

शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, तो सारखे ओठ चाटू लागला, तर त्या दिवशी थांबा. आणि प्रयोगाला तिकीट असेल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे कुत्र्याची नोंदणी आधी करावी लागते. ते काम तालमींच्या सुरुवातीलाच हातात घ्या.