अंगठा तुटलाय, डॉक्टर नको! दुकानाला चॅटबॉट लावताना या चुका टाळा

"अंगठा तुटलाय, एक कान पण सुटलाय. आता काय करायचं?"

कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रात्री सव्वाअकराला हा मेसेज आला. मेसेजला आपोआप उत्तर देणाऱ्या बॉटनं तत्परतेनं सांगितलं, "ऐकून वाईट वाटलं. लगेच डॉक्टरांना दाखवा." चपलेलाही अंगठा असतो, कान असतात, हे त्याला आम्ही कुणी शिकवलंच नव्हतं. गिऱ्हाईक भडकलं, कारण बॉटनं सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'मी प्रिया, बोला, काय मदत करू?'

शब्द शिकवणं सोपं. आठवडाभराचे जुने मेसेज काढा आणि लोक कसं लिहितात ते बघा. 'चप्पल चावते' एवढंच शिकवून भागत नाही, 'चावालीय' पण घाला. 'करकर वाजत नाही' हीसुद्धा आपल्याकडं तक्रारच असते. अवघड आहे ते प्रियाचं. बॉटला पोरीचं नाव दिलं की लोक "ताई, दोनशे कमी करा की" म्हणून घासाघीस सुरू करतात, आणि पुढं यंत्र निघालं की फसवल्यासारखं वाटतं. आम्ही पहिला मेसेज असा बदलला: 'मी दुकानाचा बॉट. ऑर्डर कुठवर आली, माप कसं घ्यायचं, बदलून कसं मिळतं, एवढं सांगतो. भाव किंवा दुरुस्तीचं बोलायचं असेल तर "माणूस" असं लिहा. माणूस सकाळी १० ते रात्री ८ असतो.'

'२४ तास सेवा' ही पाटी काढा. बॉट जागा असतो, दुकान नाही. 'लवकरच संपर्क साधू' हेही नको. गिऱ्हाईकाचं लवकर म्हणजे दहा मिनिटं, मालकाचं म्हणजे परवा. शिवाय व्हॉट्सॲपवर बॉट जोडलेला असेल तर गिऱ्हाईकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणानं लिहिता येतं. पुढं फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद मेसेज जातो. शनिवारी रात्रीची तक्रार सोमवारी सकाळी उघडली, तर ती मुदत संपलेली असते.

पैशाचं बॉटच्या तोंडी देऊ नका. एअर कॅनडाच्या बॉटनं एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार, असा कंपनीचा बचाव होता. २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तेव्हा परताव्याचे नियम बॉटला स्वतःच्या शब्दांत सांगू देऊ नका. तुम्ही लिहिलेला मजकूर जसाच्या तसा जाऊ दे.

बॉट दोनदा चुकला की तिसऱ्यांदा 'समजलं नाही, पुन्हा सांगा' नको, थेट माणसाकडं द्या. आणि त्या माणसानं बॉटशी आधी झालेलं सगळं बोलणं वाचूनच तोंड उघडावं. आमच्याकडच्या पोरानं त्या रात्रीच्या गिऱ्हाईकाला सकाळी फोन लावून पहिलं काय विचारलं असेल? "बोला, काय प्रॉब्लेम आहे?"