शांत पीसीसाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर कसा निवडावा

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती घालवायला पंखे पळतात. म्हणून शांत पीसी हवा असेल तर कॅबिनेट आणि कूलरच्या आधी प्रोसेसर नीट निवडा.

सर्वात आधी खोक्यावरच्या ‘६५ वॅट’च्या पलीकडे बघा. इंटेल कोअर आय७-१३७०० ची बेस पॉवर, म्हणजे मूळ वेगावर चालतानाची वीज, ६५ वॅट आहे, पण कंपनीच्याच स्पेसिफिकेशनमध्ये खाली मॅक्झिमम टर्बो पॉवर, म्हणजे पूर्ण जोरात पळतानाची वीज, २१९ वॅट दिली आहे. एएमडी रायझन ७ ७७०० सुद्धा ६५ वॅटचाच, मात्र सॉकेटमधून (बोर्डवरच्या त्याच्या खाचेतून) जास्तीत जास्त वीज घेण्याची त्याची मर्यादा ८८ वॅट. त्याचा भाऊ ७७००एक्स १४२ वॅटपर्यंत जातो. पंखा किती ओरडणार हे या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. रेंडरिंग, कंपायलिंग असं जड काम असेल तर १२ कोअरचा (काम करणाऱ्या १२ भागांचा) रायझन ९ ७९०० मला फार आवडतो, कारण त्याचीही मर्यादा ८८ वॅटच आहे.

दिवसभर एक्सेल, ब्राउझर आणि टायपिंगच असेल तर हिशोब वेगळा. तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. वर सांगितलेल्या रायझनमध्ये कोअर आणि आय/ओ (मेमरी आणि बाकी भागांशी देवाणघेवाण करणारा भाग) वेगवेगळ्या चिपवर असल्याने ते रिकामे असतानाही थोडी जास्त वीज घेतात. अशा कामाला इंटेलचा आय५-१३४०० किंवा एकाच चिपवरचा रायझन ८६००जी बरा. इंटेलमध्ये नावापुढे ‘एफ’ असलेलं मॉडेल टाळा. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड आलं आणि बहुधा त्याचे पंखेही आले.

इंटेलच्या ३५ वॅटवाल्या ‘टी’ मॉडेलसाठी वणवण करू नका. साध्या प्रोसेसरलाही बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, लगाम घालता येतो.

तो असा घालायचा: एएमडीच्या बोर्डवर ‘इको मोड’ हा कमी विजेचा पर्याय शोधा. इंटेलच्या बोर्डवर पीएल१ (सलग कामाची वीजमर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाच्या उसळीची मर्यादा) हे दोन आकडे असतात. दोन्ही ६५ ते ९० वॅटच्या दरम्यान ठेवा. बरेच मदरबोर्ड ही मर्यादा आपणहून उघडी सोडतात, त्यामुळे हे न विसरता तपासा. वेग त्या मानाने थोडाच कमी होतो. शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

कूलर गरजेपेक्षा एक माप मोठा, १२० मिलिमीटर पंख्याचा घ्या. एखादा टॅब उघडला तरी तापमान क्षणभर उसळतं आणि पंखा भुर्रकन पळून पुन्हा खाली येतो. हा चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त टोचतो. बायोसमधल्या फॅन कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला पंखा किती पळेल ते ठरवणारा आलेख) ७० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा आणि ‘स्टेप अप’चा, म्हणजे पंखा वेग वाढवायला घेतो तो, वेळ थोडा वाढवा.

शेवटी तुमचं नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवर (पूर्ण प्रोसेसर घेत असलेली वीज) बघत राहा आणि पंखा ऐकू येईनासा होईपर्यंत मर्यादा १०-१० वॅटने खाली आणा. नागपूर-अकोल्याकडे असाल तर ही चाचणी मे महिन्यात पुन्हा घ्या.