बाळंतपणाच्या रजेत नोकरी गेली, तर या चुका टाळा

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या स्त्रीला त्या गैरहजेरीच्या काळात किंवा त्या कारणावरून कामावरून काढणे बेकायदा आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यांच्या कार्यालयांना हे ठाऊक असल्यामुळे बडतर्फीचे पत्र सरळ हातात पडण्याऐवजी अनेकदा राजीनामा मागितला जातो. माझ्या मते प्रकरणे बिघडतात ती इथेच.

“सध्या राजीनामा द्या, बाळ मोठे झाले की परत घेऊ,” असे गोड शब्दांत सांगितले जाते आणि सही होते. त्या क्षणापासून कागदावर मालकाने काढलेले नसते, तर तुम्ही स्वतः नोकरी सोडलेली असते. मग ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मराठी शाळेत शिकलेली स्त्री बाजारात कन्नड सहज बोलते, पण कचेरीतील कन्नड मजकूर वाचताना अडखळते, आणि जो कारकून कागद घेऊन येतो तोच त्याचा अर्थ सांगतो. तो सांगेल तेवढ्यावर विसंबू नये. प्रत मागून घ्यावी, घरी नेऊन जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा; जागच्या जागी सही करण्याचे बंधन कोणताही कायदा घालत नाही. सही आधीच झाली असेल, तर राजीनामा मंजूर होण्यापूर्वी तो मागे घेत असल्याचे, कोणत्या परिस्थितीत सही घेतली गेली याच्या तपशिलासह, स्पीड पोस्टाने कळवावे आणि ईमेलही करावा. हे पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, मात्र सोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडावी, कारण पुढे ते मराठी न वाचणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जाण्याची शक्यता असते.

दुसरी चूक माहेराशी निगडित आहे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे कित्येकींच्या बाबतीत चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडे होते, आणि कंपनीचे पत्र मात्र बेळगावातील सासरच्या पत्त्यावर येते. ते दीर किंवा सासूबाई सही करून घेतात आणि कपाटात ठेवून देतात. बडतर्फीचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश कळवला गेल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचे असते, आणि ते दिवस कपाटातच सरतात. म्हणून रजेच्या अर्जातच माहेरचा पत्ता आणि फोन नंबर लिहावा, तसेच आलेले पत्र पाकिटासकट जपावे, कारण टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा ठरू शकतो. मुदत टळली तरी सर्व वाटा बंद होत नाहीत: कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या स्त्रीला औद्योगिक वाद म्हणून समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) जाता येते, परंतु तो रस्ता लांबचा आहे. तक्रार महाराष्ट्रातील कार्यालयात देण्याचा मोहही टाळावा. बाळंतपण कुठे झाले यापेक्षा नोकरी कुठे होती हे महत्त्वाचे असते, त्यामुळे बेळगावातील नोकरीसाठी कर्नाटकच्या कामगार खात्याकडेच जावे.

“तुम्ही कंत्राटी, तुम्हाला रजाच नाही” हे उत्तर ऐकून गप्प बसणे ही आणखी एक चूक. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झाले असेल, तर हक्क उभा राहतो. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात दिला, आणि कराराची मुदत रजेदरम्यान संपली तरी लाभ संपत नाही, असे २०२३ मध्ये स्पष्ट केले. रजा २६ आठवड्यांची, त्यांपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर १२ आठवड्यांची. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर पैसे महामंडळाकडून मिळतात. तरीही डॉक्टरांचे कागद केवळ तिथे न देता मालकालाही द्यावेत आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली रजा पुढे “विनापरवानगी गैरहजेरी” म्हणून नोंदली जाऊ शकते.

हिशोबाच्या कागदाबाबतही सावध असावे. “सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही” या ओळीखाली सही करण्याऐवजी “हक्क राखून, निषेधासह स्वीकारले” असे स्वतःच्या हाताने लिहावे. शिवाय भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख एकदा पाहावी. काही वेळा ती रजा सुरू होण्याच्या आधीची भरलेली आढळते, आणि तसे असेल तर त्या पानाची छापील प्रत त्याच दिवशी काढून अपिलाला जोडावी.